ज्वालामुखी व त्याच्या धोक्यांचे आकलन : माळशिरस तालुक्याच्या विशेष संदर्भात एक भौगोलिक विवेचन

सारांश

महाराष्ट्राच्या मुख्य भूमीवर आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. त्यामुळे ज्वालामुखी हा विषय परदेशातील घटनांपुरता आणि परीक्षेतील टिपांपुरता मर्यादित राहिला आहे. प्रत्यक्षात सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याची जमीन, पाणी, पिके आणि मंदिरांचा पाषाण या सर्वांचे मूळ ज्वालामुखीच्या उद्रेकात आहे. प्रस्तुत लेखात ज्वालामुखी व त्याच्या धोक्यांचे आकलन दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या समाजास का आवश्यक आहे, याची मांडणी केली आहे. भूजल, मृदा, भूकंपाविषयीचे गैरसमज, दूरस्थ उद्रेकांचे परिणाम आणि आपत्ती व्यवस्थापनातील धडे या पाच अंगांनी विषयाचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजशब्द : ज्वालामुखी, दख्खनचे पठार, बेसाल्ट, भूजल, काळी मृदा, धोका व जोखीम, माळशिरस.

प्रस्तावना

संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीपूर्वी फलटण, बरड ओलांडून नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने पंढरपूरकडे जाते. या वाटेवर वारकऱ्यांच्या पायाखाली जी काळी माती असते, ओढ्याच्या काठी जो काळा कातळ उघडा पडलेला दिसतो आणि वेळापूरच्या यादवकालीन मंदिरास जो पाषाण लागला आहे, त्या सर्वांचा उगम एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून बाहेर पडलेला लाव्हारस थरावर थर साचत गेला आणि त्यातून हा प्रदेश घडला.

असे असूनही महाविद्यालयात ज्वालामुखी शिकविताना उदाहरणे दिली जातात ती व्हेसुव्हियसची, फुजियामाची किंवा क्राकाटोआची. विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेत शंकूच्या आकाराच्या पर्वताची आकृती काढून येतो. मात्र आपल्या वडिलांची विहीर ज्या खडकात खोदली आहे तो खडकही ज्वालामुखीतूनच आला आहे, हे त्याला ठाऊक नसते. ज्ञान आणि परिसर यांची ही फारकत केवळ शैक्षणिक त्रुटी नाही. खोल बोअर घेण्यासाठी काढलेले कर्ज, क्षारपड झालेली जमीन आणि भूकंपाच्या वेळी पसरणाऱ्या अफवा या सर्वांशी तिचा संबंध पोहोचतो. म्हणूनच या विषयाचा नव्याने विचार होणे अगत्याचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ज्वालामुखीय प्रक्रियेचे स्वरूप दख्खनच्या उदाहरणाने स्पष्ट करणे.
२. माळशिरस तालुक्याच्या जमीन व पाण्याच्या प्रश्नांचा ज्वालामुखीय खडकांशी असलेला संबंध उलगडणे.
३. ज्वालामुखीचे धोके आणि त्यांपासून होणारी जोखीम यांतील भेद जागतिक उदाहरणांतून मांडणे.
४. महाविद्यालयीन अध्यापनात या विषयाची उपयुक्त मांडणी सुचविणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख प्रामुख्याने दुय्यम साधनसामग्रीवर आधारलेला असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

ज्वालामुखी म्हणजे काय?

भूकवचाखालील वितळलेल्या खडकास शिलारस म्हणतात. हा शिलारस भूपृष्ठावर आला की त्यास लाव्हारस ही संज्ञा प्राप्त होते. तो ज्या मार्गाने बाहेर पडतो, त्यावरून उद्रेकाचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. एकाच नलिकेतून बाहेर पडणाऱ्या उद्रेकास केंद्रीय उद्रेक आणि जमिनीला पडलेल्या लांबच लांब चिरांतून होणाऱ्या उद्रेकास भेगी उद्रेक म्हणतात. शिलारसात सिलिकाचे प्रमाण अधिक असेल तर तो चिकट व दाट असतो. त्यात वायू कोंडून राहतात आणि स्फोट होतो. सिलिका कमी असेल तर तो पातळ असतो आणि पाण्यासारखा दूरवर वाहत जातो. दख्खनचा लाव्हारस मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा होता. म्हणूनच महाराष्ट्रात उंच शंकू दिसत नाहीत. दिसतात ती सपाट माथ्याची पठारे आणि पायऱ्यापायऱ्यांचे डोंगरउतार. स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून या खडकांना 'ट्रॅप' हे नाव मिळाले. महादेव डोंगररांगेकडे पाहिले असता या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आज दख्खनच्या लाव्हा थरांनी सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग या खडकाने झाकलेला आहे. पश्चिम घाटात या थरांची एकत्रित जाडी मोठी असून पूर्वेकडे ती कमी होत जाते. कोयना परिसरात घेतलेल्या खोल छिद्रात बेसाल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास आढळली, तर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ती सुमारे ३३८ मीटर भरली. पश्चिमेस घाटमाथा आणि पूर्वेस बालाघाट यांच्या दरम्यान वसलेला सोलापूर जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे याच खडकावर उभा आहे.

या महाउद्रेकाच्या कारणाविषयी अधिक मान्य असलेले मत असे की, भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना तो हिंदी महासागरातील रियुनियन तप्तस्थळावरून गेला. लक्षद्वीप, मालदीव, छागोस आणि मॉरिशस ही बेटांची रांग त्या प्रवासाची खूण मानली जाते. रियुनियन बेटावरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागृत आहे. माळशिरसच्या कातळाचा हा हजारो किलोमीटर दूर राहिलेला आप्तच म्हणावा लागेल.

लाकी : दख्खनच्या उद्रेकाची लहान प्रतिकृती

भेगी उद्रेक किती विध्वंसक असू शकतो, याची कल्पना आइसलँडमधील लाकी या उदाहरणावरून येते. ८ जून १७८३ रोजी तेथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून उद्रेक सुरू झाला आणि तो फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला. या आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हारस बाहेर पडला. लाव्हारसाखाली सापडून फारसे लोक मेले नाहीत. खरा संहार केला तो वायूंनी. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात मिसळला आणि फ्लोरिनयुक्त राखेने कुरणे विषारी झाली. बहुसंख्य मेंढ्या व मोठ्या संख्येने गुरे दगावली आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात आइसलँडची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली.

दख्खनच्या उद्रेकात बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे आकारमान लक्षावधी घन किलोमीटरमध्ये मोजले जाते. तो एकाच दमात बाहेर आला नाही. अनेक टप्प्यांत आणि लाखो वर्षांच्या कालावधीत तो वाहिला. दोन थरांमधील लाल मातीचे पट्टे या विश्रांतीकाळाची साक्ष देतात. तरीही लाकीच्या तुलनेत त्याचे परिमाण हजारो पटींनी मोठे ठरते. डायनोसोरांसह अनेक जीवजाती नष्ट होण्यास मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील उल्कापात किती कारणीभूत आणि दख्खनचे वायू किती, याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद आहे. उल्कापात हे मुख्य कारण असल्याचे मत आज अधिक प्रमाणात मान्य असले, तरी दख्खनच्या उद्रेकाने त्या काळी हवामानावर ताण आणला होता, हे बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. जगाच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या घटनेचा पुरावा आपल्या शिवारात आहे, ही बाब विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

विहीर : ज्वालामुखीचे उघडे पुस्तक

माळशिरस तालुक्यातील एखादी जुनी विहीर काठावरून निरखली असता वरपासून खालपर्यंत वेगवेगळे थर दिसतात. सर्वांत वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्यानंतर बारीक छिद्रांचा खडक, मग अखंड काळा पाषाण आणि काही ठिकाणी दोन थरांच्या सांध्यावर लाल मातीचा पट्टा. विहीर खोदणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या या थरांना आपापली नावे दिली आहेत. भूशास्त्राची परिभाषा वेगळी असली तरी निरीक्षण तेच आहे.

प्रत्येक लाव्हा थराचा वरचा भाग निवताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले आणि खडक सच्छिद्र झाला. पुढे अनेक छिद्रे गारगोटी, कॅल्साइट व झिओलाइट या खनिजांनी भरली गेली. शेतात नांगरटीच्या वेळी सापडणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या याच पोकळ्यांमधील आहेत. थराचा मधला भाग मात्र सावकाश निवल्याने घट्ट व अखंड राहिला. त्यात पाणी मुरते ते केवळ भेगांमधून आणि सांध्यांमधून.

या रचनेचा परिणाम असा की बेसाल्ट हा पाण्याच्या दृष्टीने कृपण खडक ठरतो. भूजलाच्या मूल्यमापनासाठी देशात जे निकष वापरले जातात, त्यानुसार झिजलेल्या अथवा सच्छिद्र बेसाल्टच्या १०० घनमीटर आकारमानातून सुमारे १ ते ३ घनमीटर पाणीच विहिरीस मिळू शकते. वालुकामय गाळाच्या प्रदेशात हेच प्रमाण १२ ते १८ घनमीटर इतके असते. गंगेच्या मैदानात नलिकाकूप जसा हमखास लागतो, तसा तो माळशिरसच्या माळावर लागत नाही. याचे कारण नशिबात शोधण्याची गरज नाही. ते खडकाच्या जन्मकथेत आहे.

माळशिरस तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. नीरा उजव्या कालव्याने तालुक्याच्या मोठ्या भागास पाणी दिले आणि त्यावर माळीनगर, अकलूज परिसरात ऊस व साखर उद्योग उभा राहिला. कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेरील गावांना मात्र विहीर आणि बोअर यांचाच आधार आहे. पाणी लागले नाही की बोअर अधिक खोल नेण्याकडे कल असतो. बेसाल्टमध्ये झिजलेला व भेगाळलेला भाग प्रामुख्याने वरच्या थरात असतो. खोली वाढत जाते तशी नवे पाणी लागण्याची शक्यता सामान्यतः घटत जाते. अपवादाने खाली दुसऱ्या थराचा सच्छिद्र माथा लागतो आणि पाणी मिळते. परंतु त्या साठ्याचे पुनर्भरण अत्यंत मंद असते. दोन-तीन उन्हाळ्यांत तो संपतो आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज तेवढे उरते.

१९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना झाली. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ करण्यात आला. त्यात ६० मीटरपेक्षा अधिक खोलीच्या विहिरीस खोल विहीर मानून अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. कायद्याची ही मर्यादा शेतकऱ्यास जाचक वाटू शकते. लाव्हा थरांची रचना समजली तर तिच्यामागील तर्क ध्यानात येतो. पाणलोट विकास, समतल चर आणि ओढ्यांवरील बांध ही कामे नेमक्या कोणत्या थरावर करावीत, हेही याच ज्ञानावर अवलंबून असते. अखंड पाषाणावर खोदलेल्या शेततळ्यात पाणी साठून राहील, पण ते जमिनीत मुरणार नाही. भेगाळलेल्या खडकावर केलेला खर्च भोवतालच्या विहिरींच्या पाण्यातून परत मिळतो.

काळी माती : देणगी आणि दक्षता

बेसाल्टची झीज होऊन काळी माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण अधिक असते. ही खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याच्या या गुणामुळेच सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारी पिकते.

परंतु हाच गुण अमर्याद पाण्याच्या ठिकाणी दोष ठरतो. काळ्या मातीतून पाण्याचा निचरा मंद होतो. कालव्याचे मुबलक पाणी, वर्षानुवर्षे उसाचे एकच पीक आणि निचऱ्याची सोय नाही, अशा स्थितीत भूजलाची पातळी वर येते, क्षार पृष्ठभागावर साठतात आणि जमीन क्षारपड व चोपण बनते. नीरा खोऱ्यातील कालवा क्षेत्रास हा प्रश्न ब्रिटिश काळापासून परिचित आहे. ज्वालामुखीने दिलेली जमीन उद्रेकाने नव्हे, तर तिचा स्वभाव न ओळखल्याने नापीक होऊ शकते. धोक्यांच्या चर्चेत हा संथ गतीचा धोका सहसा येत नाही. माळशिरसच्या शेतकऱ्यासाठी मात्र तोच सर्वाधिक वास्तव आहे.

भूकंप, उल्का आणि ज्वालामुखी : काही गैरसमज

जमीन हादरली, विहिरीचे पाणी गढूळ झाले किंवा जमिनीतून वाफ निघाली की 'ज्वालामुखी होणार' अशी भीती ग्रामीण भागात व्यक्त होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेत आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत झालेल्या भूकंपांनी महाराष्ट्राला मोठा हादरा दिला. दोन्ही भूकंपांची तीव्रता ६ पेक्षा अधिक होती आणि किल्लारीत हजारो लोक प्राणास मुकले. मात्र यांपैकी कोणत्याही भूकंपाचा संबंध शिलारसाच्या हालचालीशी नव्हता. लाव्हा थरांच्या खाली दडलेल्या अतिप्राचीन खडकांतील प्रस्तरभंगांवर हे भूकंप घडले. कोयनेच्या बाबतीत जलाशयातील पाण्याच्या चढउताराचा संबंध अभ्यासकांनी मान्य केला आहे.

लाव्हा थरांनी येथे एक वेगळीच अडचण निर्माण केली आहे. त्यांच्या आवरणाखाली जुने प्रस्तरभंग झाकले गेल्याने ते पृष्ठभागावरून दिसत नाहीत. किल्लारीचा परिसर भूकंपापूर्वी स्थिर समजला जात होता, यामागे हेही एक कारण होते. अशा भागात दगडमातीची जड धाब्याची घरे बांधण्याची रीत जीवघेणी ठरली. मृत्यूंना भूकंपाच्या तीव्रतेइतकीच घरांच्या भिंती व छते कारणीभूत होती.

कोकणातील वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे येथील गरम पाण्याचे झरेही अनेकदा जागृत ज्वालामुखीचे लक्षण मानले जातात. वस्तुतः खोल भेगांमधून खाली गेलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून वर येते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचेही उदाहरण बोलके आहे. बेसाल्टमधील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरास दीर्घकाळ ज्वालामुखीचे मुख समजले जात असे. १९७० च्या दशकात तेथे प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काचसदृश द्रव्ये आढळल्यानंतर ते उल्कापाताने बनल्याचे सिद्ध झाले. विवर दिसले म्हणजे ज्वालामुखी असलाच पाहिजे असे नाही, हा विवेक विज्ञानशिक्षणाचा गाभा होय.

दूरचा ज्वालामुखी, जवळचा परिणाम

महाराष्ट्रात जागृत ज्वालामुखी नाही म्हणून येथे ज्वालामुखीचा धोकाच नाही, हे अनुमान अपुरे आहे. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे कऱ्हा नदीच्या काठी आणि जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठी गाळाच्या थरांत ज्वालामुखीय राख सापडली आहे. ही राख दख्खनच्या उद्रेकातील नाही. ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचे तिच्या रासायनिक घडणीवरून दिसते. ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकातील की त्याहून पुष्कळ जुन्या उद्रेकातील, याविषयी मतभेद आहेत. परंतु सुमारे ३ हजार किलोमीटर अंतरावरून राख येथवर आली, याविषयी शंका उरलेली नाही. कऱ्हा ही नीरेची उपनदी आणि नीरा ही माळशिरस तालुक्याची उत्तर सीमा. म्हणजेच एका परक्या ज्वालामुखीची राख याच खोऱ्यात साठून आहे.

आधुनिक काळातही याची प्रचीती येते. २४ जून १९८२ रोजी लंडनहून मुंबई, क्वालालंपूरमार्गे ऑकलंडला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. बरीच उंची गमावल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ता येथे सुखरूप उतरले. या घटनेनंतर राखेविषयी वैमानिकांना इशारे देणारी जागतिक व्यवस्था उभी राहिली. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन व ओमान ओलांडून दुसऱ्याच दिवशी वायव्य भारताच्या आकाशात पोहोचली आणि काही विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली.

भारताचा स्वतःचा जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीर्घ शांततेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला आणि त्यानंतर अनेकदा त्याचे उद्रेक नोंदले गेले. २०२५ च्या सप्टेंबरमध्येही तेथे उद्रेक झाला. बेट निर्जन असल्याने तेथे जीवितहानी होत नाही.

धोका आणि जोखीम

ज्वालामुखीच्या संदर्भात धोका आणि जोखीम या दोन संज्ञांत भेद करणे आवश्यक आहे. धोका निसर्गाच्या प्रक्रियेत असतो. त्या प्रक्रियेच्या वाटेवर माणसे, घरे व शेती किती आणि त्यांची तयारी किती, यावर जोखीम ठरते. बॅरन बेटावर धोका मोठा असूनही जोखीम अल्प आहे.

कोलंबियातील नेवादो देल रुईज आणि फिलिपाइन्समधील पिनातुबो ही दोन उदाहरणे याबाबत मार्गदर्शक ठरतात. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी रुईजचा तुलनेने लहान उद्रेक झाला. शिखरावरील बर्फ वितळून चिखलाचे लोंढे दऱ्यांतून उतरले आणि सुमारे अडीच तासांनी आर्मेरो या गावावर येऊन आदळले. एकूण सुमारे २३ हजार लोक त्यात गाडले गेले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि आर्मेरो त्यात दाखविलेले होते. गावाजवळील उंचवट्यापर्यंत पायी जाण्यास पुरेसा वेळही होता. उणीव होती ती नकाशा वाचणाऱ्यांची आणि निर्णय घेणाऱ्यांची.

पिनातुबोच्या बाबतीत या चुकीची पुनरावृत्ती टळली. मॉरिस व कातिया क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने ज्वालामुखीच्या धोक्यांवर तयार केलेली चित्रफीत अधिकाऱ्यांना व लोकांना दाखविण्यात आली. आर्मेरोत काय घडले ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि गावे सोडण्यास ते राजी झाले. १५ जून १९९१ रोजी विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक तेथे झाला. ओल्या राखेच्या भाराने छपरे कोसळून शेकडो लोक मरण पावले, परंतु हजारो लोकांचे प्राण वाचले. ही चित्रफीत बनविणारे क्राफ्ट दांपत्य त्यापूर्वी १२ दिवस, ३ जून १९९१ रोजी, जपानमधील उन्झेन येथे तप्त वायुराशीत सापडून मृत्यू पावले होते.

या दोन घटनांमधील भेद केवळ उपकरणांचा नव्हता, तो लोकशिक्षणाचाही होता. महाराष्ट्राच्या संदर्भात हा धडा तितकाच लागू पडतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या. झिजलेल्या लाव्हा थरांचा उतार अतिवृष्टीने सुटला की काय घडते, हे तेथे दिसून आले. माळशिरसचा भूभाग पुष्कळसा सपाट असल्याने तेथे हा धोका कमी आहे. परंतु येथील विद्यार्थी उद्या शिक्षक, अभियंता किंवा महसूल अधिकारी म्हणून घाटातील तालुक्यांत जाणार आहे. उतारावरील भेगा, नव्याने फुटलेले झरे, तिरकी झालेली झाडे ही लक्षणे त्याला ओळखता आली पाहिजेत.

निष्कर्ष

१. माळशिरस तालुक्यातील मृदा, भूजल व भूरूपे यांचे मूळ दख्खनच्या भेगी उद्रेकात असून त्या प्रक्रियेचे ज्ञान स्थानिक साधनसंपत्तीच्या नियोजनासाठी आवश्यक आहे.
२. बेसाल्टची जलधारणक्षमता अल्प व विषम असल्याने केवळ खोली वाढवून भूजलाचा प्रश्न सुटत नाही.
३. काळ्या मातीतील निचऱ्याचा अभाव हा ज्वालामुखीय प्रदेशातील संथ गतीचा धोका आहे.
४. महाराष्ट्रातील भूकंप व गरम झरे हे जागृत ज्वालामुखीचे लक्षण नाही. याविषयीच्या अफवांना शिक्षणानेच उत्तर देता येते.
५. दूरस्थ उद्रेकांची राख भारतापर्यंत पोहोचल्याचे पुरावे प्राचीन व अर्वाचीन अशा दोन्ही काळांतील आहेत.
६. आपत्तीतील जीवितहानी धोक्याच्या आकारापेक्षा समाजाच्या आकलनावर अधिक अवलंबून असते.

शिफारशी

पर्यावरण अभ्यास व भूगोल या विषयांच्या अध्यापनात ज्वालामुखीचा घटक स्थानिक विहिरीच्या, ओढ्याच्या किंवा खाणीच्या प्रत्यक्ष भेटीपासून सुरू करावा. विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील दोन-तीन विहिरींतील थरांची नोंद करून घ्यावी आणि ती ग्रामपंचायतीस उपलब्ध करून द्यावी. बोअरची खोली, पाणी लागलेला थर आणि उन्हाळ्यातील पातळी यांचे गावनिहाय संकलन राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून सहज शक्य आहे. इतिहास विभागाने वेळापूरसारख्या ठिकाणच्या मंदिरस्थापत्यातील पाषाणाचा, तर मराठी विभागाने विहीर खोदणाऱ्यांच्या परिभाषेचा अभ्यास हाती घ्यावा. अशा रीतीने हा विषय खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय होईल.

समारोप

माळशिरसच्या भूमीखालील अग्नी केव्हाच निवला आहे. त्याच्या उद्रेकाचे भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्याने मागे ठेवलेल्या खडकावरच येथील प्रत्येक घर उभे आहे आणि त्याच खडकाच्या भेगांतून येथील पाणी येते. या खडकाचा स्वभाव जाणून घेणे ही येथील समाजाची व्यावहारिक गरज आहे. ती भागविण्याचे पहिले स्थान महाविद्यालयाचा वर्ग आणि दुसरे गावातील विहिरीचा काठ होय. या दोन ठिकाणांमधील अंतर कमी करण्याचे दायित्व प्राध्यापक वर्गावर येते.